कुड्याची साल

दत्तात्रय कोलारकर उज्जैनच्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत नऊ वर्षं कच्चा नोकर होता. १९५६च्या नोव्हेंबरात मध्यभारत राज्य मोडून मध्यप्रदेश होणार, त्याआधी पक्क्या नोकरांची यादी वर जायची होती. नाव आलं तर नोकरी राहणार. नाही आलं तर बायको वासंतीने भैरवगढच्या रंगाऱ्यांकडे कापड धुवायला जायचं.

"भय्यासाहेबांनी शब्द दिलाय," तो तिला सांगे.

भय्यासाहेब तिथले मुख्य प्रोफेसर. कुड्याच्या सालीत आवेचे जंतू मारणारं कडू द्रव्य असतं. ते शुद्ध काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. काम दत्तात्रयाचं. साल सावलीत वाळवायची, लोखंडी खलात कुटायची, फडक्यातून चाळायची. वर राहिलेली परत खलात. दिवसाला दोन शेर बारीक भुकटी काढली की खांदा निखळायला येतो. मग चुन्यात कालवणं, स्पिरिटात मुरवणं, आटवणं.

जूनमध्ये नवी पोती आली. दत्तात्रयाने चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली. वडील वैद्याकडे कुटायला होते, चाखल्याशिवाय माल उतरवून घेत नसत. इथे मात्र तोंडात काहीही घालायला सक्त मनाई होती. साल फिकी लागली. तीन दिवस तो कुटत राहिला. चौथ्या दिवशी राहवेना.

"साहेब, हा काळा कुडा आहे. आपल्याला पांढरा पाहिजे, तो जहर कडू असतो."

"तुला कसं कळलं?"

"चाखली."

भय्यासाहेब मुलांकडे वळले. "सुनो भाई, लाखाची यंत्रं विकून टाका. दत्तूची जीभ आहे ना!" मुलं खिदळली. "तू कुट. अक्कल चालवू नकोस."

त्याने कुटली. पावसाळाभर दीड मण. भांड्याच्या तळाशी तपकिरी चिकटा जमे, स्फटिक एक नाही. सप्टेंबरात भय्यासाहेबांनी खापर त्याच्यावर फोडलं.

"भांडी घाण ठेवतोस."

"तीनदा धुतो साहेब. साल बदला."

"असं? मग फैसलाच करू."

त्यांनी वर्गासमोर तीन पुड्या मांडल्या. "चाख आणि सांग."

पहिली पांढरा कुडा. दुसरी पोत्यातली. तिसरी जिभेला लागताच तो मोरीकडे धावला, थुंकला, चुळांवर चुळा भरल्या. "कुचला आहे साहेब! माणूस मरतो यानं!"

"बिलकुल बराबर! पूरे नंबर!" भय्यासाहेबांनी टाळी वाजवली. "एवढ्याशाने कोणी मरत नाही."

संध्याकाळपर्यंत त्याचा जबडा जड होता. तरी घरी गेला तो खुशीत. "आता नाव पक्कं," वासंतीला म्हणाला.

नवी साल आली, कडूजहर. बारा दिवस, रविवार धरून, त्याने कुटली. तेराव्या दिवशी भांड्यात पांढऱ्या सुया उतरल्या. आवेच्या जंतूंच्या थेंबात त्यातलं कणभर टाकलं. सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जंतू जागच्या जागी थांबले. सगळ्यांनी ओळीने पाहिलं. दत्तात्रयही ओळीत उभा राहिला.

"तू काय बघणार? भांडी घास."

ऑक्टोबरअखेर यादी लागली. त्याचं नाव नव्हतं.

"साहेब, आपण शब्द दिला होता."

भय्यासाहेबांनी त्याच्याबद्दल वर पाठवलेला शेरा वाचून दाखवला. "मनाई असताना प्रयोगशाळेतली द्रव्यं तोंडात घालतो. यात खोटं काय आहे?"

"दुसऱ्यांदा आपणच चाखायला लावलीत."

"मी म्हटलं म्हणून विष खाशील? असा माणूस पक्का करू मी?"

महिना संपायला चार दिवस होते आणि अर्धं पोतं साल उरली होती. तीही त्याच्याकडूनच कुटून घेतली. शेवटच्या दिवशी नवा माणूस आला. मुसळ कुठे धरायचं, घाव कसा सोडायचा, ते त्याला शिकवायला सांगितलं. दत्तात्रयाने शिकवलं. नव्या माणसाचा घाव तिरका पडत होता, तेव्हा मनगट धरून सरळ केला.