तांब्याची पट्टी

मुक्ताचं सॅम्पल मी मारलं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून तुम्ही सगळे तिचे फोटो टाकताय. खाली मला टॅग करून लिहिताय, 'मुक्तासाठी कॉलेज सोडणारा एकच मर्द.'

बस करा यार. आधी पूर्ण वाचा.

ती पीएच.डी. करत होती, मी एम.एस्सी.ला. लॅब एकच.
साऱ्या इंदूरला म्हणायची तशी मलाही 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायची. माझा जीव जायचा.

एकदा विचारलं, दिवसभर नेमकं बघतेस काय?

"सराफ्यात गर्दीत चालतोस ना, धक्के खात? तारेत इलेक्ट्रॉन तसाच चालतो. माझ्या चिपमध्ये एक गल्ली आहे, केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून बारीक. दोन्ही बाजूंना सोन्याची गेट, तीच गल्ली अरुंद-रुंद करतात. खूप थंड केलं की तो एकही धक्का न खाता आरपार. आणि गल्ली हळूहळू रुंद केली की करंट सरळ नाही वाढत, पायरी-पायरीने वाढतो."

"आणि मी?"

"तू साधी तार. दर दोन पावलांवर टक्कर. तुमच्या घराण्यातल्या तलवारी गेल्या, ताव तेवढा राहिला."

आमच्या लॅबच्या दाराशी तांब्याची पट्टी होती, अर्थिंग केलेली. चिपला हात लावायच्या आधी पट्टीला लावायचा. अंगात साठलेली वीज निघून जाते.
नाहीतर आपल्याला कळतही नाही आणि गेट जळतं.
"आधी नमस्कार," मुक्ता रोज म्हणायची.

जानेवारीत मी तिला सांगून टाकलं. सगळं.
ती हसली नाही. म्हणाली, "आधी पायऱ्या दिसू देत. मग बोलू."

माझं डोकं फिरलं. ती जेवायला गेली तेव्हा मी तणतणत लॅबमध्ये आलो. लोकरीचा स्वेटर ओढून काढला, चरचर आवाज आला. तिची डबी उघडून तिचं सॅम्पल, ती चिप, हातात घेतली.
बघायचं होतं, माझ्यापेक्षा मोठं असं काय आहे यात.
नखाएवढा तुकडा. परत ठेवला.

पट्टीला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने चिपला तारा सोल्डर करून ती थंड केली. पायऱ्या नाहीत. गेट मेलेलं.
सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सोल्डरिंग करताना उडवलंस, मुक्ता. हात जपून चालवावा."
तिने मान खाली घातली आणि वहीत लिहिलं, 'चूक माझी. सोल्डरिंग.'

तेव्हा मी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं. निघालं भलतंच. सरांवर ओरडलो, बोलायची तमीज नाही का म्हणालो, बॅग उचलली आणि निघालो. निघालो तो निघालोच.

ती जिन्यापर्यंत धावत आली. "पागल आहेस का भिया? माझ्यासाठी कॉलेज सोडतोस?"
मी हो म्हणालो.

हो म्हणालो मी.

दुसरं सॅम्पल मुंबईत तयार झालं. "कुरियरवर भरोसा नाही, मीच आणते," असा तिचा मेसेज आला. तिची बस मानपूरच्या पुढे घाटात उलटली.

पहिलं सॅम्पल जिवंत असतं तर ती त्या बसमध्ये नसती. हे मला कोणी समजावू नका. इनबॉक्समध्येही नाही.

आता मी बडा गणपतीजवळ मोबाइल रिपेअर करतो. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय एक स्क्रू काढत नाही. सेठ हसतो, "भिया, इत्ता क्या डरता है, मोबाइल ही तो है."

अकरा दिवसांपूर्वी तिथीने वर्षश्राद्ध झालं. मुक्ताच्या आईने, काकूंनी, मला स्वतः वाढलं. म्हणाल्या, "तिच्या बाजूने तू एकटाच उभा राहिलास रे."
मी जेवलो. खीर दोनदा घेतली.
घरी येऊन सगळं ओकलो.

काकू फेसबुकवर नाहीत. त्यांना सांगायला आता जुनी इंदूरला, त्यांच्या घरी, निघतोय. आधी इथे लिहिलं, म्हणजे वाटेतून परत फिरता येणार नाही.

श्रद्धांजली वाहायचा हक्क मला नाही. ती तुम्ही वाहा.

मुक्ता, तुझ्या वहीतलं ते वाक्य खोटं आहे. तुझं सोल्डरिंग चांगलं होतं.