समारोपातली दोन वाक्ये

आज लाल शाईची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी धाराशिवच्या कॉलेजातला इंग्रजी निबंधाचा तास आठवला. प्रस्तावना, तीन परिच्छेद, समारोप. समारोपात नवा मुद्दा आणायचा नाही, हा सरांचा दंडक. वह्या आम्ही मुली एकमेकींच्या तपासत असू. बेंबळी गावच्या सुनंदाने शिक्षणावरच्या निबंधाच्या शेवटी इंग्रजीत लिहिले होते, ‘माझे लग्न ठरवले आहे. मला शिकायचे आहे, कुणीतरी बाबांशी बोला.’

मी दोन्ही वाक्ये खोडली. ओल्या लाल रेघांखाली तिची निळी अक्षरे बुडाली.

“अगं, हा नवा मुद्दा समारोपात कशाला घातलास?”

“व्हय, चुकलंच,” ती हसली. “तू लई कडक मास्तरीण होणार बघ.”

पुढच्या सोमवारपासून तिची जागा रिकामी राहिली. त्या वाक्यांचा अर्थ मला त्या दिवशीही कळला होता. मी फक्त त्यांची जागा तपासली.