भोकरावरची पाहुणी

रस्त्याने चालताना कुणाच्या कुंपणाबाहेर आलेली फांदी दिसली की मॅडम थांबायच्या. दोन बोटांत पान धरून ते हलकेच उलटं करायच्या, चष्मा कपाळावर सरकवून डोळे जवळजवळ पानाला टेकवायच्या. मागचा स्कूटरवाला हॉर्न वाजवून थकायचा. "वरून तं सारंच हिरवं दिसते वं," त्या मला म्हणायच्या, "खालून पाह्य."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ती सोबत असली की दहा मिनिटांचा रस्ता संपता संपत नाही.

मी साताऱ्याकडची. नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले, तेव्हा मॅडम त्या विभागात जुन्या होऊन गेल्या होत्या. मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. त्यांचा विषय म्हणजे ढेकणाच्या कुळातले किडे, सोंडेने झाडांचा रस पिणारे. मुलं पाठीमागे त्यांना 'ढेकूणबाई' म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खरंच आहे न. त्याहीचं काय चुकलं?"

त्यांचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीत असतानाच अर्धांगाचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. सकाळी त्यांचं अंग पुसणं, भरवणं, औषधं, मग शेजारणीवर सोपवून कॉलेज. शेवटचं प्रॅक्टिकल संपलं की जेमतेम तासभर मॅडमचा स्वतःचा असे. तेवढ्यात त्या सूक्ष्मदर्शकाशी बसत. "थकली वं मी" हे वाक्य त्यांच्या तोंडी इतरांच्या 'नमस्कारा'सारखं असे. पण ते त्या बसताना कधीच म्हणत नसत, उठताना म्हणत.

यजमानांची जीभ जड झाली होती, विनोद शाबूत होता. मी भेटायला गेले की अडखळत सांगायचे, "लोक ढेकूण मारतात. हे त्याले अंघोळ घालते." त्यांच्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या मॅडम उकळून घेत आणि त्यांत किडे ठेवत.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "ये न वं इकडं. हे पाह्य."

भिंगाखाली तिळाहून लहान किडा होता. पंख सगळे बारीक जाळीचे, काचेचे वाटावेत असे, आणि डोक्यामागे जाळीचीच एक छोटी घुमटी. कॉलेजमागच्या गल्लीतल्या एका भोकराच्या पानाखाली तो मिळाला होता. "आमचे बाबा असते," त्या म्हणाल्या, "तं पहिले विचारलं असतं, हे जाळी कोणाच्या मागावरची?"

पुढचे काही आठवडे त्यांनी जुनी वर्णनं धुंडाळली. हा किडा पूर्वेकडच्या एका दूरच्या देशातून फार पूर्वी नोंदला गेला होता. त्यानंतर त्याच्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नव्हतं, आणि भारतात तर त्याची नोंदच नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा मला वाटलं, मॅडम आनंदाने उठतील. त्या उठल्या, बेसिनवर तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "आता काम वाढलं वं."

परदेशातल्या एका वृद्ध तज्ज्ञाला त्यांनी फोटो पाठवले. उत्तर सभ्य होतं. ओळख बरोबर वाटते, पण तुमच्याकडे एकच मादी आहे. ती वाऱ्याने आली असेल, रोपांच्या गाडीतून आली असेल. नर आणि पिल्लं मिळाली तरच तो किडा तिथला म्हणता येईल.

आम्ही परत त्या भोकराकडे गेलो. झाडाचे मालक बँकेतून निवृत्त झालेले काका होते. फाटकाशी येऊन त्यांनी विचारलं, "काय शोधून राहिले मॅडम?"

"किडा आहे एक. ढेकणाच्या कुळातला."

"ढेकूण? झाडावर?"

"तसा नाई गा काका. हा चावत नाई, पानाचा रस पितो."

काकांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात गेलो तर झाडाखालची जमीन ओली होती आणि गल्लीभर औषधाचा वास. "घरात लेकरं आहेत न मॅडम," काका समजुतीने म्हणाले, "रिस्क काहून घ्यायची?" मॅडमनी तरीही एक पान उलटून पाहिलं. तिथे काही उरलं नव्हतं.

येताना मी चिडून म्हणाले, "फुलपाखरू शोधतोय म्हणायचं होतं. त्यांनी झाडाला पाणी घातलं असतं."

"फुलपाखरू नाई न ते," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर भोकर शोधणं सुरू झालं. शेजारीण मोकळी असेल तो रविवार आमचा. काटोलच्या बसने जायचं, संत्र्यांच्या बागांच्या बांधांवर फिरायचं. उमरेडच्या रस्त्यावर उतरायचं, गावकऱ्यांना विचारायचं. लोणच्याची भोकरं विकत घ्यायला आलेल्या बाया समजून लोक झाडं दाखवायचे. पानं उलटायची, काही नाही, परतीची बस. खिडकीला डोकं टेकून मॅडम घरी फोन लावायच्या, "जेवले का हे?" एकदा मी विचारलं, कशासाठी एवढं? कुणाला पडलीय त्या किड्याची? "कोणाले नाई," त्या म्हणाल्या. "म्हणून तं."

दोन हंगाम असे कोरडे गेले. दुसऱ्याच्या शेवटी यजमान गेले.

अस्थी विसर्जनाला आम्ही कन्हान नदीवर गेलो. बंगळूरहून आलेली त्यांची मुलगी, एक पुतण्या, मॅडम आणि मी. गुरुजींची तयारी चालू होती आणि आम्ही दोघी काठावर उभ्या होतो. माझी नजर सहज चढावाकडे गेली. तिथून एका भोकराची फांदी आमच्या डोक्यावर आली होती. पानांवर वरून फिकट पिवळे ठिपके पडलेले, रस शोषल्यावर पडतात तसे. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी ते माझ्या आधीच पाहिलं होतं. फांदी हाताच्या अंतरावर होती, पण त्यांनी हात वर केला नाही. पदर घट्ट धरून त्या पाण्याकडे वळल्या.

गाडीत बसल्यावर हळूच म्हणाल्या, "पाह्यलं तू?"

"हो."

"आजचा दिवस यांचा आहे वं."

तेरवी झाल्यावर त्यांनीच फोन केला. आम्ही रिक्षाने गेलो. मॅडमनी पहिलंच पान उलटलं आणि तशाच उभ्या राहिल्या. शिरेच्या दोन्ही बाजूंना मोठे किडे बसले होते, मधे काळी अंडी टोचलेली, आणि त्यांच्याभोवती काटेरी अंगाची पिल्लं दाटीवाटीने. पुढच्या पानावरही तेच. मी बाटल्या काढल्या. त्या खाली मातीत बसल्या.

"पाहुणी नाई वं," त्या म्हणाल्या. "सारा संसार आहे इथं."

आणि मग त्या रडल्या. घरी तेरा दिवसांत त्यांच्या डोळ्यांना पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसून राहिले.

नर मिळाले, ओळख पक्की झाली, टिपण छापून आलं. भारतातली पहिली नोंद, स्थळ कन्हान. आभारात मॅडमनी यजमानांचं नाव घातलं होतं. यांचा सहभाग काय, असं संपादकांनी विचारलं. मॅडमनी कळवलं, "बाटल्या." नाव तसंच राहिलं.

कॉलेजच्या फलकावर 'नवीन ढेकणाच्या शोधाबद्दल अभिनंदन' असं लागलं. ऑफिसातला कारकून पेढा तोंडात टाकत म्हणाला, "मॅडम, पण मरते कायनं हा?" मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि भावाकडे उमरेडला गेल्या. मुलगी बंगळूरला बोलवत होती, त्या गेल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं. मला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं.

मला आठवतं ते त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले तो दिवस. सामान फार नव्हतं. मी पाण्याची बाटली आणायला गेले आणि परत आले तर खिडकीशी मॅडम झोपलेल्या. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सुटे पडलेले. गाडीत माणसं चढत होती, कुणी वरच्या फळीवर पोतं लोटत होतं, कंडक्टर "उमरेड, उमरेड" ओरडत होता. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मी खिडकीतून हात घालून बाटली त्यांच्या पिशवीत ठेवली. उठवावंसं वाटलं नाही. बस मागे आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली, तेव्हाही त्या झोपलेल्याच होत्या.