नऊ जणांची एक सुरी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आपल्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठ्या माणसाशेजारी टेबल मिळालं की रोज एक फुकट मिळतो. मला असं टेबल ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका छोट्या म्युझियमच्या बेसमेंटमध्ये मिळालं.

काम मजेशीर होतं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिमेकडे नवी वस्ती करायला निघालेल्या लोकांचे जुने फोटो भिंगातून बघायचे, त्यांच्या हातातली, कमरेची सुरी ओळखायची आणि कार्ड लिहायचं. कार्डाच्या तळाशी ओळखणाऱ्याची आद्याक्षरं. सुरी कोणीही ओळखो, आद्याक्षरं वॉल्टरची!

वॉल्टर आमचा प्रमुख. वय सत्तर. त्याच्या टेबलावर त्याच्या आजोबांचा फ्रेम केलेला फोटो होता, छातीशी सुरी धरलेला. रोज सकाळी कोटाच्या बाहीने तो त्याची काच पुसायचा आणि मगच कॉफी प्यायचा.

* * *

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. सात फोटो बघितले, सातही जणांच्या डाव्या हातात सुरी. सात कार्डांवर ऐटीत लिहिलं, ‘डावखुरा’.

वॉल्टर खुर्चीत मागे रेलून हसला. “कॉलेजात हेच शिकवलं? त्या काळी पत्र्यावर काढलेले हे फोटो आरशासारखे उलटे येतात. कोटाची बटणं बघ!”

बटणंही उलटीच होती. पुढचा महिनाभर तो मला रोज ‘गुड मॉर्निंग, डावखुरे!’ म्हणायचा.

* * *

पिस्कॅटवेला एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, प्रभाकरकाकांनी गाठलं. बाबांचे मित्र, इंजिनियर.

“सध्या काय करतेस?”

“जुन्या फोटोंतल्या सुऱ्या ओळखते.”

“म्हणजे पोलिसात?”

“नाही, म्युझियममध्ये.”

“अगं, मग इंजिनियरिंग का नाही केलंस? लाइफ सेट झालं असतं!”

“काका, गेल्या रविवारी व्हीसीआरचं घड्याळ लावायला तुम्ही मलाच बोलावलं होतंत!”

काकू इतक्या हसल्या की त्यांच्या प्लेटमधला दहीवडा घरंगळला. काका मात्र पुलाव आणायला गेले ते परत आलेच नाहीत.

* * *

एका फोटोची कॉपी मी घरी आणली होती. वॉल्टरचं मत, ‘लढाईची सुरी’. आई भेंडी चिरत होती. तिने मान तिरकी करून बघितलं.

“लढाई कसली डोंबलाची! पातं मध्येच कसं झिजलंय बघ. रोज कांदे-बटाटे चिरल्याशिवाय असं होत नाही. ह्याच्या बायकोची असणार. फोटोपुरती उचलून आणलीय मेल्याने!”

सोमवारी मी ते जसंच्या तसं सांगितलं. वॉल्टरने विचारलं, “तुझ्या आईचं क्वालिफिकेशन काय?”

“पस्तीस वर्षं स्वयंपाक.”

तो दहा मिनिटं भिंगातून बघत राहिला. मग कार्ड बदललं: ‘स्वयंपाकघरातली सुरी’. खाली आद्याक्षरं? वॉल्टरची!

* * *

घरी येऊन मी बॅग सोफ्यावर आपटली. बाबा म्हणाले, “दोन अक्षरांसाठी एवढा तमाशा? नोकरी चांगली आहे ना? मोठ्या माणसांशी जमवून घ्यावं.”

“बाबा, हॉलमध्ये तुमच्या नावाचं पेटंट फ्रेम करून लावलंय. काढून माळ्यावर ठेवू?”

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

* * *

मग आलं ते प्रदर्शन. गावातल्या एका वयस्क गृहस्थांनी आपल्या आजोबांचा फोटो दिला होता. हातात सुरी, मागे डोंगर. ह्याच सुरीने आजोबांनी अस्वल मारलं, अशी घराण्याची कथा. वॉल्टरने लेबलही तसंच लिहिलं.

मी भिंग लावलं. मुठीजवळच्या आडव्या पट्टीचं एक टोक तुटलेलं. हे टोक मी आधी पाहिलं होतं! खोके उपसले. तीच सुरी, तेच पडद्यावर रंगवलेले डोंगर, माणसं वेगळी. फोटोग्राफर एकच. सुरी त्याच्या स्टुडिओची, येईल त्याच्या हातात द्यायची.

मी नवं कार्ड लिहिलं: ‘स्टुडिओतली सुरी. हीच सुरी नऊ जणांच्या हातात दिसते.’ आणि खाली, पक्क्या शाईत, माझी आद्याक्षरं.

वॉल्टरने वाचलं. “नऊ कुठून आणलेस? त्यांच्या आजोबांना धरून आठच होतात.”

मी फक्त त्याच्या टेबलावरच्या फ्रेमकडे बघितलं.

त्याचा चेहरा उतरला. “शनिवारी ते कुटुंबासह येणार आहेत. म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटेल. हे कार्ड काढ, नाहीतर सोमवारी येऊ नकोस.”

“नऊ जणांनी मिळून एकच अस्वल मारलं का?” मी विचारलं. कार्ड काढलं नाही.

शनिवारी आई-बाबा आले. बाबा दाराजवळ कुजबुजले, “अजूनही सॉरी म्हण.” मी आठ फोटो ओळीने मांडले होते, त्यांच्याखाली माझं कार्ड. ते गृहस्थ वाकून वाचत होते. त्यांची बायको शेजारी उभी.

“म्हणजे अस्वल नव्हतंच?” ते म्हणाले.

“पन्नास वर्षं प्रत्येक थँक्सगिव्हिंगला ऐकतेय मी ते अस्वल!” बायको म्हणाली. “देवा, सुटले एकदाची!”

गृहस्थ मात्र हट्टाने बोट ठेवून फोटो मोजायला लागले. “इथे लिहिलंय नऊ. आहेत आठ. नववा कुठाय?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वॉल्टरकडे.

वॉल्टर जिना उतरला. वर आला तेव्हा त्याच्या हातात ती फ्रेम होती. कोटाच्या बाहीने त्याने काच पुसली, फ्रेम ओळीच्या शेवटी ठेवली आणि खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं.

“ह्याचं कार्ड तूच लिही,” तो म्हणाला. “आणि डावखुरा लिहू नकोस!”