खिडकीजवळचे आठ बोल्ट

लोक त्या हॉलचं कौतुक करायला लागले की माझं डोकं फिरतं. काय ती लाकडी जमीन, काय तो उजेड, म्हणे सुरतेत नाच बसवायला अशी दुसरी जागा नाही. नव्वदच्या दशकात तो हॉल तयार झाला तेव्हा मी विशीत होते आणि त्याच्याच मागच्या खोलीत राहत होते. आधी तिथे यंत्रमागांचा कारखाना होता. खानदेशातून आलेले माझे वडील तिथे कापड विणायचे, आणि खोलीही कारखान्याचीच.

शेठने कारखाना बंद केला, माग भंगारात दिले आणि कामगारांना सांगितलं, नवे माग आणतो, तोवर थांबा. माणसं थांबली. माग घट्ट बसवायचे बोल्ट जमिनीतून तसेच वर आलेले होते ना! बोल्ट आहेत म्हणजे माग येणारच, असं गल्लीतला प्रत्येक जण छातीठोकपणे सांगायचा. सुरतेजवळच्या पलसाण्याला दुसऱ्या कारखान्यांत काम मिळत असूनही कुणी गेलं नाही. शेठने मात्र ती जागा नाच बसवणाऱ्या एका बाईंना गुपचूप देऊन टाकली.

बाईंनी वडिलांना बोलावलं. बोल्ट कापा, तेलकट जमीन साफ करा, मग वॉचमन म्हणून इथेच राहा, खोली तुमचीच. वडील हो म्हणाले. मला त्यांची लाज वाटली आणि ती मी तोंडावर बोलून दाखवली. गल्लीने आमच्याशी बोलणं टाकलं. नळावर बायका माझी कळशी पायाने सरकवायच्या. वडील एकेक बोल्ट जमिनीलगत कापायचे, कानशीने घासायचे आणि वरून तळहात फिरवून बघायचे. एवढं कशाला, असं मी चिडून विचारलं.

"नाचनाऱ्या पोरीस्ना पाय शेतस," ते म्हणाले. "कापाई जातीन."

शेवटी खिडकीजवळचे आठ बोल्ट राहिले, आणि गल्लीची आशाही तेवढ्यावरच. ते स्वतः चालवायचे ते दोन माग तिथे होते. तिथे त्यांचा हातच चालेना. बाईंना म्हणाले, गंजलेत, कापले जात नाहीत. धडधडीत खोटं. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "काका, परसों लकडीवाले आएंगे. आपसे नहीं होता तो ठेकेदार बुलाती हूँ. फिर वॉचमन भी उसीका रहेगा." त्या गोड आवाजाचा मला अजूनही तिटकारा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील रेशनच्या रांगेत गेले आणि मी लोखंड कापायची करवत उचलली. महिनाभर मीच त्यांना घालूनपाडून बोलत होते. पण कापताना मला गल्ली आठवली नाही, शेठ आठवला नाही, फक्त आमची खोली दिसत होती. हाताला फोड आले, फुटले. आठवा बोल्ट तुटला तेव्हा वडील दारात उभे होते. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते कानस घेऊन खाली बसले आणि मी वाकडेतिकडे कापलेले आठही बोल्ट घासून त्यांनी सपाट केले.

संध्याकाळी कामगार बघायला आले. वडिलांच्या शेजारी इतकी वर्षं माग चालवलेला माणूस पुढे झाला.

"ह्या कोनी कापात?"

मी तिथेच होते, हाताला फडकं गुंडाळलेलं, हात पाठीमागे.

"मीच कापात," वडील म्हणाले.

तो माणूस उंबऱ्यावर थुंकला आणि सगळे निघून गेले. नवे माग आले नाहीत, येणारही नव्हते, पण त्यांच्या लेखी ते वडिलांनी घालवले. वडिलांनी कधी खुलासा केला नाही, घरातसुद्धा नाही.

ते गेले तेव्हा खांदा द्यायला गल्लीतून एकही माणूस आला नाही. हॉलमधली नाचणारी मुलं आली. समोरच्या ओट्यांवर ते सगळे कामगार बसून बघत होते. मी त्यांच्या समोरून चालत गेले आणि ते आठ बोल्ट मी कापले होते, हे तेव्हाही बोलले नाही.