बरोबरी सर

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल सरांना सगळे 'बरोबरी सर' म्हणत. पाठीमागे, अर्थातच. पुण्यात टोपणनाव तोंडावर घेतलं तर तो उद्धटपणा, पाठीमागे घेतलं तर ती परंपरा. नावामागचं कारण साधं होतं. सरांचा संघ क्वचित हरायचा आणि त्याहून क्वचित जिंकायचा. उरलेल्या सगळ्या मॅचेस बरोबरीत सुटायच्या.

याला जबाबदार होता सरांचा एकच नियम. दुसऱ्या हाफमध्ये बाकावरच्या पोरांना मैदानात उतरवायचं. आपण आघाडीवर असलो तरी, समोर कितीही तगडा संघ असला तरी. स्पर्धेच्या नियमात जेवढे बदली खेळाडू बसतील तेवढे सगळे. का, असं विचारलं की सर म्हणायचे, "तोही रोज पहाटे सायकल मारत येतो ना?" एवढ्यावर वाद संपायचा, आणि थोड्या वेळाने आघाडीही.

त्या बाकाचा मी कायमचा रहिवासी होतो. माझ्या उजव्या पायाची आणि डाव्या पायाची कुणी ओळख करून दिली नव्हती. तरीही मी आयुष्यात एक फायनल खेळलो आहे. हे वाक्य मी लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनाही सांगितलं होतं. पुढचं मात्र सांगितलं नव्हतं, ते आता सांगतो. आम्ही एका गोलने पुढे होतो. गोल आमच्या सेंटर फॉरवर्डने मारला होता आणि राज्याच्या संघाची निवड करणारे लोक मांडवात बसून त्यालाच बघत होते. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, सेंटर फॉरवर्डला बाहेर बोलावलं आणि मला आत पाठवलं. मी उतरलो आणि समोरच्यांनी बरोबरी केली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध आहे असं मानणारे लोक आजही हयात आहेत. पुढे पेनल्टीवर आम्ही हरलो. एकदा बाहेर आलेल्या खेळाडूला पेनल्टी मारता येत नाही, त्यामुळे आमचा सगळ्यात चांगला पाय रेषेबाहेर बूट काढून बसला होता. त्याची निवड झाली नाही.

त्यानंतर पुणं बदललं. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या आणि सेंटर फॉरवर्ड तिथल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेला. आमच्या गोलकीपरने बुधवार पेठेत कॉम्प्युटर जोडून विकण्याचं दुकान काढलं. उड्या मारून झिजलेले गुडघे टेबलाखाली लपवून तो दिवसभर स्क्रू पिळायचा. रविवारी त्याच्या दुकानाशेजारच्या अमृततुल्यमध्ये आम्ही तिघं भेटायचो आणि पहिला चहा संपायच्या आत सरांवर यायचो. गोलकीपर सरांचा वकील, सेंटर फॉरवर्ड फिर्यादी. मी पुरावा.

अशातच सर निवृत्त होणार असल्याची बातमी आली. कॉलेज त्यांना स्टाफरूममध्ये चहा आणि नारळ देऊन मोकळं होणार होतं. एवढी वर्षं पहाटे मैदानावर उभ्या राहिलेल्या माणसाला नुसता नारळ हे काही आम्हाला बरं वाटेना. छोटा हॉल घ्यायचा, शाल, श्रीफळ आणि मानपत्र द्यायचं असं ठरलं. शाल आणि श्रीफळ विकत मिळतं. मानपत्र लिहावं लागतं, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं लागतं. ते काम माझ्याकडे आलं. "तू सगळ्या मॅचेस बसून बघितल्यास," गोलकीपर म्हणाला.

माहिती घ्यायला मी खडकीत सरांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत बुद्धाची पितळी मूर्ती होती आणि वर सरांच्या वडिलांचा फोटो. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. छप्पन साली नागपूरला जाऊन, धम्म घेऊन आले आणि आल्या दिवशी त्यांनी घरात एकच हुकूम काढला, असं सरांनी चहा ओतता ओतता सांगितलं. आईने मागून जेवायचं नाही, सगळ्यांची पानं एकदम मांडायची. आजीला ते शेवटपर्यंत पटलं नाही, पण पान मात्र तिचंही सगळ्यांबरोबरच मांडलं जायचं.

मी मुद्द्यावर आलो. सर हसले. काचेचं टेबल स्वच्छ होतं, तरी ते हाताने पुसत राहिले.

"शाल द्या, नारळ द्या. मानपत्र राहू दे रे," ते म्हणाले. "त्यात लिहिण्यासारखं मी काही केलेलं नाही. आणि तुम्ही खोटं लिहिलंत, तर समोर बसून ऐकायला मलाच लागणार."

सर हे हसत म्हणाले, पण मी दारात चपला घालेपर्यंत त्यांचा हात टेबलावरच फिरत होता.

त्या रविवारी अमृततुल्यमध्ये मी हे सांगितलं आणि वाद पेटला. गोलकीपरचं म्हणणं, सरांनी येरवड्याच्या, दापोडीच्या, कुठकुठल्या पोरांना बूट घातले, हे लिही. सेंटर फॉरवर्डचं म्हणणं, बूट घालणं हा चांभाराचा विक्रम झाला, प्रशिक्षकाचा करंडक असतो, आणि तो कपाटात दिसत नाही. गोलकीपरने सरांच्या काळात संघ किती कमी वेळा हरला ते सांगितलं. यावर सेंटर फॉरवर्ड म्हणाला, न हरणं हे काम दगडही करतो. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा, ज्यांचा फुटबॉलशी काही संबंध नव्हता, ते चष्मा वर करून म्हणाले, "अहो, पण वाद कशाचा आहे? जिंकले की नाही?" "नाही," आम्ही तिघं एकदम म्हणालो. "मग मोठ्या आवाजात कशाला बोलताय," असं म्हणून ते पुन्हा पेपरात गेले.

शेवटी मी पेन काढलं आणि सेंटर फॉरवर्डला म्हटलं, तूच सांग, खोटं नसलेलं एक वाक्य.

तो कपातल्या उरलेल्या चहाकडे बघत म्हणाला, "लिही. सरांनी आम्हाला जिंकणं शिकवलं नाही. बरोबरी शिकवली."

गोलकीपर उठूनच गेला. मी मात्र ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. पुणेरी टोमण्याची एक अडचण आहे, तो इतका कोरडा असतो की नीट घडी घालून ठेवला तर कौतुक म्हणून खपतो. आणि मला सरांच्या घरातली ती एकदम मांडलेली पानं आठवत होती.

कार्यक्रमाला माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच गर्दी होती. गंमत म्हणजे नावाजलेले खेळाडू थोडेच होते, बहुतेक सगळे बाकावरचे होते. मी माईकसमोर उभा राहून मानपत्र वाचलं आणि ते वाक्य शेवटी, थांबून थांबून, नाटकातल्यासारखं म्हटलं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत एक टक्कल पडलेला माणूस उभा राहिला, मग त्याच्या शेजारचा, आणि मग बाक उठतो तसा अख्खा हॉल उठला. सरांनी हात जोडले होते आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. सेंटर फॉरवर्डही उभा होता, पण टाळ्या कशाला वाजवायच्या हे नक्की न ठरल्यासारखा.

नंतर सरांनी मला विचारलं, "ते शेवटचं वाक्य कुणाचं?" मी बोट दाखवलं. असा आनंद मला फायनलमध्येसुद्धा झाला नव्हता.

"सर, ते मी जरा..." सेंटर फॉरवर्डने सुरुवात केली.

"टोमणा मारलास," सर म्हणाले. "जन्म पुण्यात गेला माझा, एवढं ओळखता येतं. तुझं नुकसान झालं, तेही मला माहीत आहे. त्या दिवशी तुला बाहेर घेताना माझा हातसुद्धा जड झाला होता. पण वाक्य खोटं नाही. माझ्या वडिलांना आवडलं असतं."

सेंटर फॉरवर्डने सरांच्या हातातला नारळ आणि मानपत्राची चौकट घेतली आणि म्हणाला, "चला सर, सोडतो तुम्हाला."

कंपनीने दिलेली नवी कोरी गाडी होती. सर पुढे बसले, मी मागे, म्हणजे माझ्या नेहमीच्या जागी. वाकडेवाडीला सर म्हणाले, "गाडी बाजूला घे. अर्धा रस्ता झाला. आता याला चालवू दे."

"सर, याला गाडी चालवता येत नाही."

"येते," मी म्हणालो. "फार नाही."

"तोही मगासपासून बसलाय ना?" सर म्हणाले.

सेंटर फॉरवर्डने आरशातून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो उतरला, माझ्या बाजूचं दार उघडलं, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि मांडीवर नारळ घेऊन मागे बसला. खडकीपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. मागून सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते, आणि मागच्या सीटवरून माझा सेंटर फॉरवर्ड मला एकसारखं सांगत होता, "घाई करू नको. चांगली चाललीय."