दाजींची चौकशी

मंगळवारी सकाळी दाजी गेले. अक्का त्या वेळी बारामतीच्या दवाखान्यात डायलिसिसवर होती आणि दाजी बाहेर आवारात गाडीत बसले होते.

चौकशी न करता दाजींनी आयुष्यात केलेली ही एकच गोष्ट. एरवी या माणसाइतकी चौकशी करणारा दुसरा कोणी भूतलावर झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पळसदेवला उजनीच्या पाण्यालगत त्यांची पेरूची बाग आहे. मिरचीचं रोप घ्यायचं असलं तर ते रोपवाटिकेत जाण्याआधी, मागच्या वर्षी तिथून रोप नेलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभे राहत. लग्नाच्या जेवणाला गेले तर पहिल्या पंगतीला कधी बसत नसत. उठून हात धुवायला निघालेल्या माणसाला गाठून मठ्ठा आंबट झालाय का ते विचारत आणि मगच बसत. विकणाऱ्याला विचारायचं नाही, वापरणाऱ्याला विचारायचं, हा त्यांचा नियम होता. "इकणारा खोटं बोलतो असं न्हाय, मास्तर," ते मला सांगत, "पर त्याला रोज तेच बोलावं लागतं. खरं काय हुतं ते त्योबी इसरून जातो." मी मास्तर नव्हतो. बारामतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. पण पुस्तकं असलेल्या इमारतीत जो पगार घेतो तो मास्तर, असं दाजींनी एकदा ठरवलं होतं आणि त्या बाबतीत मात्र त्यांना चौकशीची गरज वाटली नाही.

अक्काचं स्थळ त्यांना सुचवलं गेलं तेव्हा मुलगी बघायला येण्याआधी ते एकटेच आमच्या गावी, कोऱ्हाळे बुद्रुकला, पिठाच्या गिरणीत ज्वारीचं पोतं घेऊन येऊन बसले होते. पळसदेवाहून कोऱ्हाळ्याला कोणी दळायला येत नाही हे गिरणीवाल्याला कळत होतंच, पण त्यानं दळून दिलं. दाजींनी त्याला एवढंच विचारलं, की त्या घरचं दळण कसं असतं. "निवडल्यालं. आजवर खडा आला न्हाय," गिरणीवाला म्हणाला. "कोण निवडतं?" "थोरली पोरगी." झाली चौकशी. अक्काला ही हकीकत लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळली. "माझ्या तोंडाकडं बघायच्या आधी ह्यांनी माझं जुंधळं बघितलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि सांगताना तिला राग आलाय की आनंद झालाय ते ओळखता येत नसे. माझ्यासाठीही दाजींनी स्थळांची चौकशी केली. कुठं शेजारी नीट बोलले नाहीत, कुठं किराणावाला बोलता बोलता थांबला, कुठं घरच्या कुत्र्याची हाडं दिसत होती. मी अविवाहित राहिलो त्यातला निम्मा वाटा दाजींचा आहे.

अक्काची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मात्र दाजींना विचारायला कोणी उरलं नाही. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा मशीनवर यायला सांगितलं. तिनं बारामतीला माझ्याकडंच राहावं असं मी म्हणालो. "मी आजारी हाय, पाव्हणी न्हाय," ती म्हणाली आणि विषय संपला. मग पळसदेव ते बारामती अशी ये-जा सुरू झाली, पेरूचे क्रेट नेणाऱ्या पिकअपमधून. डिझेलच्या वासानं जाताना तिला उलट्या होत, आणि येताना अंगात काही उरलेलं नसलं तरी होत. भाड्याची गाडी करून पाहिली, तर तिच्यात आरशाला अत्तराची बाटली टांगलेली. एके दिवशी परतताना भिगवणच्या पुढं ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि म्हणाली, "मशीनचं मला काय न्हाय. पर ह्या वाटेवर मरायचं असंल तर घरीच मरते. आता बास."

मशीन थांबवलं तर काय होतं आणि किती लवकर होतं, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. तिची मनधरणी करून आणखी दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेच्या दिवशी दाजी माझ्या ग्रंथालयात येऊन उभे राहिले. "मास्तर, बिनधुराची गाडी घ्यायची. बॅटरीची."

मला जे येतं ते मी केलं. मासिकं काढली, कोणती गाडी एका चार्जिंगमध्ये किती चालते, कुठल्या बॅटरीची हमी किती, घरी चार्जिंगला मीटरचा भार वाढवावा लागेल का, याची टिपणं काढून त्यांना दिली. दाजींनी ती आदरानं घडी करून खिशात ठेवली आणि पुढच्या आठवड्यात मला ती पेरूच्या क्रेटमध्ये तळाशी अंथरलेली दिसली. शोरूमवाल्याकडं त्यांनी आधीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते मागितले. त्यानं ते दिले नाहीत. मग दाजींना एक जागा सापडली. महामार्गावर एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगची सोय होती. तिथं ते पेरूची पिशवी घेऊन रोज दुपारी जाऊन बसायला लागले. "पेट्रोल पंपावर मानूस खरं बोलंल कसा? पैसं दिलं की निघाला," ते मला समजावत. "हितं तासभर अडाकतोय. गाडी सोडून जाता येत न्हाय, बायकू वैतागल्याली असती. अशा टायमाला मानसाच्या तोंडातनं खोटं निघत न्हाय."

लोक हौसेनं गाडीचा वेग सांगत, पुढचा स्क्रीन दाखवत, छत उघडून दाखवत. दाजी पेरू कापून तिखटमीठ लावून हातावर ठेवत आणि विचारत, "ते समदं खरं. पर मागं बसणाऱ्याला उलटी हुती का?" एका सोलापूरच्या गृहस्थांनी हसून सांगितलं, की आजोबा, इलेक्ट्रिक गाडी लोण्यासारखी जाते. तेवढ्यात मागच्या दारातून त्यांची बायको म्हणाली, "तुम्ही कधी बसलात मागं? पाय उचलला की गाडी अशी धरते की पोट गळ्याशी येतं." दाजींनी त्या बाईंना उरलेले सगळे पेरू देऊन टाकले. त्या दिवशी त्यांना कळलं, की या गाड्यांत चालवणाऱ्यानं पाय उचलला की मोटार स्वतःच गाडीला मागं ओढून वीज परत बॅटरीत भरते. चालवणारा खूश होतो आणि मागच्याचं पोट ढवळतं. काही गाड्यांत ही ओढ कमी करता येते, काहींत तेवढी होत नाही.

तेव्हापासून दाजी कुठल्याही शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला गेले तर पुढं बसत नसत. विक्रेत्याला चालवायला लावायचे आणि स्वतः मागं डावीकडं, अक्काची शाल अंगावर घेऊन, मान टेकून, डोळे मिटून बसायचे. वर, जाण्याआधी पोटभर मिसळ आणि भजी खायचे. "उपाशी पोटाला काय कळतंय?" एका गाडीत त्यांना भर रस्त्यात ओकारी झाली. विक्रेता घाबरून दवाखान्याकडं वळला, तर दाजी तोंड पुसत समाधानानं म्हणाले, "न्हाय न्हाय, बरं झालं. ही न्हाय घ्यायची." गाडी धुवायचे पैसे त्यांनी जागेवर दिले आणि दुसऱ्या दिवशी पेरूचा क्रेट पाठवला. पुढच्या महिन्याभरात त्यांनी बारामती, इंदापूर आणि पार पुण्यापर्यंतच्या गाड्या अशा मागून बसून पाहिल्या. इकडं प्रत्येक खेपेला अक्का पिकअपमध्ये चढताना दाराचा दांडा धरून थोडा वेळ तशीच उभी राही. ती आज चढणार नाही, असं मला प्रत्येक वेळी वाटे.

शेवटच्या गाडीत मात्र त्यांनी तिला बसवलं. मशीनवरून उठल्यावर सरळ शोरूममध्ये आणली. विक्रेत्यानं गाडी काटेवाडीच्या रस्त्याला घेतली. मी पुढं होतो. गतिरोधकांवरून गेलो, उसाच्या ट्रॉलीमागं रेंगाळलो, आणि थोड्या वेळानं मागं वळून पाहिलं तर अक्का दाजींच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. विक्रेता गाडी वळवायला लागला. दाजींनी ओठांवर बोट ठेवून हातानं पुढं चल अशी खूण केली. काटेवाडी मागं पडली. विक्रेत्याचा फोन वाजला, त्यानं घाईनं बंद केला. बरंच पुढं गेल्यावर त्यानं अगदी दबक्या आवाजात विचारलं, "काका, आता वळू का?" दाजी म्हणाले, "उठू दे की तिला."

गाडी ठरली. राहिलं कर्ज. तशी दाजींकडं मुदत ठेव होती, ती मोडली असती तर कर्जाची गरज नव्हती. मी तसं म्हणालोही. त्यांनी ऐकलं नाही आणि कर्ज देणाऱ्यांच्या चौकशीला लागले. व्याजाचा दर विचारायचा नाही, हप्ता चुकलेला माणूस शोधायचा आणि त्याला विचारायचं, की फोनवर कसं बोलतात? "दर समदेच गोड सांगत्यात. हप्ता चुकल्यावरचा आवाज ऐकावा." त्या आवाजावरून शोरूममध्ये बसणारा फायनान्सवाला बाद झाला, एक पतसंस्था बाद झाली, आणि एका बँकेच्या शाखेत आम्ही तिघं जाऊन बसलो.

मॅनेजर तरुण आणि समजूतदार होते. त्यांनी सांगितलं, की दाजींच्या नावावर तीन वर्षांचं कर्ज घ्यावं, व्याज कमी जाईल, आणि जोडीला विमा घ्यावा म्हणजे काही बरंवाईट झालं तर घरच्यांवर बोजा राहणार नाही.

"हिच्या नावावर," दाजी म्हणाले. "हिच्या नावानं बागाईत हाय. आणि सात वर्षं लावा."

मॅनेजरनी अक्काच्या हातावरच्या पट्टीकडं पाहिलं. "काका, मावशींचा विमा मंजूर होणार नाही."

"नगं इमा."

"मग सात वर्षं कशाला? व्याज किती जाईल बघा ना."

"जाऊ द्या."

मॅनेजरनी मदतीसाठी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. सात वर्षं कशाला, ते मला तेव्हा कळलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला कधी वर्षांचा आकडा सांगितला नव्हता. विचारलं की ते पुढच्या तपासणीची तारीख सांगत. अक्कालाही कळलं. तिनं सह्या केल्या, एकेक, सावकाश. बाहेर पायऱ्यांवर येऊन म्हणाली, "सात वर्षं मला कामाला लावलं, ते इचारलं तरी का?"

"इचारलं असतं तर तीन म्हनाली असतीस."

"दोन म्हनाले असते."

"म्हनूनच न्हाय इचारलं."

जवळजवळ दोन वर्षं ते तिला नेत-आणत होते. उलटी झाली नाही. ती आत असताना ते आवारात गाडीत बसून राहत. त्यांच्याकडं बघून कोणी गाडीबद्दल विचारायला थांबलं की त्याला मागं बसवून एक चक्कर मारून आणत.

त्या मंगळवारी दवाखान्याच्या वॉचमननं मला फोन केला. मी पोचलो तोवर त्यांना तपासून झालं होतं. सिस्टर म्हणाल्या, मशीनमधलं रक्त परत अंगात जाईपर्यंत ताईंना काही सांगू नका. म्हणून मी आत जाऊन अक्काजवळ स्टुलावर बसलो. तिनं विचारलं, आज तू कसा? मी म्हणालो, सहज. तिनं विचारलं, ह्यांनी काही खाल्लं का? मी हो म्हणालो. मग ती पेरूच्या भावाबद्दल बोलत राहिली आणि मी मशीनमधून फिरणाऱ्या तिच्या रक्ताकडं बघत राहिलो.

गुरुवारी पुन्हा मशीनचा दिवस होता. घर माणसांनी भरलं होतं. अक्काच्या थोरल्या जाऊबाई आदल्या संध्याकाळीच म्हणाल्या होत्या, की दहावं होईपर्यंत बाईनं उंबऱ्याबाहेर जायचं नसतं. कोणी त्यांना अडवलं नाही. दगडावर बसून 'आता बास' म्हणालेली अक्का मला आठवत होती, आणि आता तिला कोणी 'चल' म्हणणारं नव्हतं. मला तसं म्हणण्याचा धीर होत नव्हता. सकाळी मी अंगणात उभा होतो तेव्हा ती शाल घेऊन बाहेर आली, मागचं दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "काढ गाडी."

"अगं, लोक काय म्हंत्याल?" जाऊबाई पायरीवरून म्हणाल्या.

"सात वर्षं लिवून दिल्यात ह्यांनी माझ्या नावानं," अक्का म्हणाली. "लोकांना म्हनावं, बँकंत जाऊन इचारा."

मग तिनं काच वर केली आणि भिगवण येईपर्यंत रडली. मी पाय उचलला की गाडी गचके खात होती. "पाय हळू सोड रं," ती मागून रडता रडता म्हणाली.

नंतर मॅनेजर भेटायला आले. कर्ज दाजींच्या नावावर, विम्यासकट असतं तर आज फिटलं असतं, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि ते ओशाळले. मग म्हणाले, की ठेव मोडून आताही सगळं बंद करता येईल. अक्कानं नकारार्थी मान हलवली. "चालू द्या," म्हणाली.

मी आता निवृत्त झालो आहे आणि पळसदेवलाच राहतो. अक्का आठवड्यातून तीनदा बारामतीला जाते. गाडी मी चालवतो. तिची मागची तपासणी बरी आली नाही. पुढची तारीख मिळाली आहे. कर्जाची अजून पाच वर्षं राहिली आहेत.